तिसऱ्या खड्ड्याची रेती

बंद पेट्रोल पंपाच्या मागं दिनेशशेठनं मिरच्या पसरल्या, तेव्हाच हिरीबाईच्या मनात पाल चुकचुकली.

मिरच्या पसरण्यात वाईट काही नव्हतं. माघाचा महिना, ऊन कडक. या दिवसांत जिथं सपाट जागा दिसेल तिथं लाल मिरची वाळत असते. पण दिनेशशेठच्या मिरच्या इतकी वर्षं नाल्याकाठच्या खळ्यावर वाळत आल्या. पंपामागं कधी एक देठही पडलं नव्हतं. आणि आता, कंपनीची माणसं टाक्या काढायला येणार असा निरोप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दोन ट्रॅक्टर मिरची आली, आणि नेमकी केबिनच्या मागच्या भिंतीला लागून पसरली गेली.

"हिरीमाय, सकायथीन मिरची परतावाले येजो," शेठ स्वतः तिच्या दारात येऊन म्हणाला. "तुन्हा घर आठेच शे. लांब जावानं काम नही."

"येस ना, शेठ," हिरीबाई म्हणाली.

तो गेल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहिली. घर जवळ म्हणून हा बोलावत नाही, तिच्या मनात आलं. मी याच्या डोळ्यासमोर राहावी म्हणून बोलावतो.

सून निर्मला भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "फुई, हाई मिरची आठे काबर वनी?" सासूला ती फुईच म्हणे.

"ऊन चांगलं शे म्हनी आठे."

"ऊन काय इतला वरीसथीन आजच पडनं का?"

निर्मलानं तव्यावरची भाकरी जरा जोरातच उलटली.

लोणखेडा मागं टाकून रस्ता सातपुड्याच्या निळ्या रांगेकडं निघतो, तिथं आंबाफाट्यावर दिनेशशेठचा हा पंप. सहा वर्षांपूर्वी बंद पडला. यंत्रं कंपनीनं नेली, छपराचे पत्रे वावटळीनं नेले. उरलं ते काँक्रीटचं अंगण, एक केबिन आणि जमिनीखाली पुरलेल्या टाक्या. पंपाच्या अंगाला लागून हिरीबाईचं घर, दीड एकर काळी जमीन आणि विहीर.

या विहिरीचं पाणी दहा-बारा वर्षांपासून नासलं होतं. पावसाळ्यात कळायचं नाही. होळीच्या सुमारास पाणी खाली गेलं की घागरीत मोरपिसाचे रंग तरंगायचे आणि भाकरीला रॉकेलचा वास यायचा. नात रिना सात वर्षांची, तिच्या दोन्ही हातांवर बारा महिने पुरळ. गावठाणात हातपंप होता, पण तो अर्ध्या कोसावर. मुलगा गोवाल दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. निर्मला एकटी किती घागरी वाहणार? पिण्याचं तिकडून आणायचं, वापरायचं विहिरीचं, असं ठरलेलं होतं. ती दमली की पिण्याचंही विहिरीचंच, दुहेरी फडक्यातून गाळून. फडक्यातून कचरा गाळला जातो, वास गाळला जात नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. माती उकरायचं पिवळं यंत्र, टाकी उचलायची क्रेन, आणि एका लहान गाडीतून चष्मा लावलेली एक तरुण बाई. तिच्याबरोबर चाळिशीचा एक माणूस, खांद्यावर माणसाएवढं लोखंडी गिरमिट. ते गिरमिट हातानं जमिनीत फिरवलं की खालची माती दांड्याला लागून वर यायची.

चहाच्या वेळी तो माणूस पाणी मागायला मिरचीवरच्या बायांकडं आला. नाव जोसेफ, नवापूरकडचा.

"भाऊ, काय करनार शे रे तुम्ही?" निर्मलानं विचारलं.

"दोन टाक्या शेतस. त्या काढसुत. मंग खालनी माती तपाससुत. हाई आम्हनी मॅडम, संध्या मॅडम. माती तीच तपासस."

"मातीले काय ताप येस का, तपासाले?"

"येस ना. डिझेल मुरनं तर येस." जोसेफ हसला. "माती खराब निंघनी तर आजूबाजूनी विहीर बी तपासतीन. कंपनीले नवं बोअर करी देनं पडस. माती चांगली निंघनी तर शेठले कागद भेटी. मंग आठे हॉटेल व्हई, सगळीकडे काँक्रीट. त्याना नंतर कोन खंदस?"

निर्मलाचा हात मिरचीतच थांबला. तिनं सासूकडं पाहिलं. हिरीबाई खाली मान घालून दाताळं ओढत होती. खर्र, खर्र. दोन टाक्या, हा माणूस म्हणाला होता. दोन.

दुपारी ती चष्मेवाली बाई विहिरीकडं फिरत आली. हिरीबाईनं तिला लांबूनच न्याहाळलं होतं. आल्या आल्या ती दिनेशशेठकडं चहा पिऊन आली होती. शेठकडचा चहा पिणारी माणसं हिरीबाईनं जन्मभर पाहिली होती. मोजणीवाला, तलाठी, वीजवाला. चहा प्याला की त्यांची पट्टी वाकडी पडायची.

"आजी, ही विहीर तुमची का?"

"हां."

"पाणी कसं आहे?"

हिरीबाई घरात गेली आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली. "पी ना बाई. ऊनमातून वनी तू."

संध्यानं पेला तोंडाजवळ नेला, नाकाशी क्षणभर थांबवला आणि हळूच काठावर ठेवला.

"आजी, हे तुम्ही पिता?"

"मंग तू काबर नही पी ऱ्हायनी?"

"वास येतोय."

"कसाना?"

संध्या जराशी घुटमळली. "तपासल्याशिवाय मला तसं सांगता येत नाही, आजी."

नाकाला कळलं, पण तोंड सांगत नाही. हिरीबाईनं पेल्यातलं पाणी कडेच्या दगडावर ओतलं. हिच्याही तोंडावर कुणीतरी हात ठेवलाय, ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात दिनेशशेठ आलाच. तो नेहमी तेवढ्यातच यायचा. "मॅडम, वासाचं म्हणता? तिला विचारा की, घराच्या खांबांना उधई, वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑईल कोण लावतं. डबे विहिरीच्या काठावरच धुतात ही लोकं. आणि मग नाव पंपाचं."

"लावता का आजी?"

"लावस. आख्खं गाव लावस," हिरीबाई म्हणाली. "पंप चालू व्हता तवय याना पंपवरथीनच आनेत."

"किती?"

"वरीसमा एक डबा."

संध्यानं वहीत लिहिलं. हिरीबाई ते लिहिणं बघत राहिली. खरं बोलली, आणि ते खरं तिच्याच विरुद्ध कागदावर उतरलं. शेठ मिशीत हसला.

संध्या गेल्यावर तो हिरीबाईजवळ उकिडवा बसला. एक मिरची उचलून तिचं देठ मोडत म्हणाला, "औंदा देवमोगराले जाशी ना, हिरीमाय? शिवरात्रनी जत्रा जवळ वनी. जाय, जाय. मन्हा बाप म्हने, तुम्हना लोकेसना शबद म्हंजे दगडवरनी रेघ. त्याले तुम्हनावर भलता भरोसा व्हता."

"माले माहीत शे," हिरीबाई म्हणाली.

"तेच सांगी ऱ्हायनू." तो उठला आणि हात झटकत निघून गेला.

हिरीबाईच्या पायाखाली त्या वेळी मिरची होती, मिरचीखाली काळी माती, आणि काळ्या मातीखाली तिसरी टाकी.

ती पुरली तेव्हा गोवाल तिच्या पाठीला बांधलेला होता. पहिल्या दोन टाक्या त्याआधी दोन वर्षं साऱ्या गावासमोर पुरल्या गेल्या. नारळ फुटले, पेढे वाटले गेले. तिसऱ्या खड्ड्याला नारळ नव्हता. दिनेशच्या बापानं, मगनशेठनं, केबिनच्या मागं ताडपत्रीचा आडोसा केला आणि पाच माणसं लावली. संडासाचा खड्डा आहे असं सांगितलं. पण संडासात कुणी गोमाई नदीची चाळलेली रेती घालत नाही. टाकी ठेवायची तर तिच्याभोवती काळी माती चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात फाटते, टाकीला पिळून काढते. म्हणून चहूबाजूंनी रेती भरतात. ती रेती हिरीबाईनं डोक्यावरून वाहिली होती. पाटीमागून पाटी, तीन दिवस. वर दोन हात काळी माती ओढून जागा सारखी केली. पुढं कितीतरी वर्षं टँकर यायच्या आधी आणि टँकर गेल्यावर त्या टाकीत रॉकेलची पिंपं रिकामी व्हायची, आणि तिथून ते डिझेलमध्ये जायचं.

मगनशेठ हुशार माणूस. त्यानं कुणाला दम दिला नाही. चपला बाहेर काढून तो हिरीबाईच्या घरात आला आणि याहा मोगीच्या पाटीसमोर मांडी घालून बसला. देवमोगऱ्याहून आणलेली ती बांबूची पाटी, तिच्यातलं धान्य, हाच त्या घरातला देव. त्यातले दाणे त्यानं पाचही जणांच्या मुठीत दिले आणि शब्द सांगितले. एकेकानं ते म्हणायचे. 'हाई जमीनमा शे तोपावत मन्हा तोंडमातून शबद निंघाव नही.' टाकी जमिनीत आहे तोवर तोंड बंद. दहा वर्षांचा दिनेश बापाच्या मांडीला लागून बसला होता. टकामका बघत होता.

पाचांतला आमशा एका लग्नात दारू पिऊन बोलून गेला. कुणी मनावर घेतलं नाही. पण त्याच पावसाळ्यात त्याच्या बैलाला साप चावला. बाकी चौघांनी ते मनावर घेतलं. आता आमशाही नव्हता, धनुबाई नव्हती, नारसिंग नव्हता. हिरीबाईचा नवरा चैत्या, पंपाचा रखवालदार, चार वर्षांपूर्वी गेला. जायच्या दिवशी वाचा बसलेली. त्यानं बोटानं विहीर दाखवली, मग तेच बोट पंपाकडं वळवलं, आणि तळहात तोंडावर आडवा ठेवला. तसाच गेला.

उरली हिरीबाई एकटी.

दुसऱ्या दिवशी टाक्या काढायला सुरुवात झाली. बघायला अर्धं गाव जमलं. आधी टाक्यांत पाणी सोडून आतली वाफ घालवली, मग संध्यानं हातातलं वास मोजायचं यंत्र टाकीच्या तोंडाशी धरून पाहिलं. "वाफ ऱ्हायनी आणि ठिणगी पडनी," जोसेफ लोकांना मागं ढकलत सांगत होता, "तर मी नवापूरले बसशिवाय पोचसू."

पहिली टाकी क्रेनला लोंबकळत वर आली. अंगाला डांबर थापलेलं, त्यावर चिकटलेली रेती झरझर गळत होती. दुसरी आली. दोन्ही धडधाकट. कुठं भोक नाही, कुठं गंज नाही. यंत्राच्या बादलीनं खड्ड्याच्या तळाची माती वर काढली. संध्यानं बादलीच्या मधली माती काचेच्या बरण्यांत ठासून भरली, झाकणं आवळली, वर चिठ्ठ्या डकवल्या आणि बरण्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या.

"माती काय कुल्फी शे का?" निर्मलानं विचारलं.

"वास उडून जातो, ताई," संध्या म्हणाली. "उन्हात राहिली तर बरणीतलं डिझेल पळून जातं. लॅबमध्ये नुसती माती पोचते."

"आणि वाटमा पेटी कोन उघडस?" हिरीबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कुणी नाही. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे."

तेच तर, हिरीबाईच्या मनात आलं. किल्ली तुझ्याकडं, आणि तू शेठकडं चहाला.

संध्यानं खड्ड्याच्या मातीवर यंत्र धरलं. यंत्र गप्प. मग जिथं पंपाची यंत्रं उभी होती तिथं, मग नळी गेली होती तिथं. जोसेफ गिरमिट फिरवायचा, माती वर यायची, यंत्र गप्पच. बरोबरचा नकाशा तिनं दोनदा उलगडून पाहिला. नकाशावर दोन टाक्या, एक नळी, एक केबिन. केबिनच्या मागं कोरा कागद.

ती केबिनच्या मागंही येऊन गेली. हातभर जाड मिरची पसरलेली, वर बाया वावरताहेत, मिरचीचा झोंबरा खाट उडतोय. तिला लागोपाठ सात शिंका आल्या. डोळे पुसत ती मागं फिरली. शेठनं तिच्यासाठी पाण्याची बाटली तयारच ठेवली होती.

"लॅबचा कागद यायचा आहे," ती शेठला म्हणाली, "पण इथं तरी काही लागलं नाही. उद्या सकाळी खड्डे बुजवू आणि निघू."

"मी म्हटलंच होतं." शेठचा आवाज मुद्दाम मोठा होता. "डोकरीच्या विहिरीत डोकरीचंच ऑईल आहे."

निर्मलानं मिरचीतून उठून सासूचा दंड धरला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. शपथ पाचांची होती, घराची नव्हती. पण सासूला काहीतरी ठाऊक आहे, एवढं तिला दोन दिवसांत कळून चुकलं होतं.

"फुई, तुम्ही बोलत काबर नहीत? तो तुम्हना तोंडवर इतला बोली ऱ्हायना, आणि तुम्ही मिरची परती ऱ्हायन्या! काय दिधं त्यानी तुम्हले? सांगा ना! मन्ही पोरना हात देखा, आणि मंग सांगा!"

हिरीबाईनं दंड सोडवून घेतला. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. निर्मलाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्यामागं संशय होता. तो संशय हिरीबाईला मिरचीपेक्षा जास्त झोंबला. शेठनं आपल्याला विकत घेतलंय, असं माझ्या घरातलं माणूस समजतं.

ती ओट्यावर जाऊन बसली. समोर कोपऱ्यात देवाची पाटी. खांबाला टेकून तिनं डोळे मिटले, तर चैत्याचं बोट दिसलं. विहीर. पंप. मग तोंडावर हात. इतके दिवस तिला तो हातच आठवत होता. चैत्यानं शब्द मोडला नव्हता. पण बोट? बोट तर त्यानं दाखवलं होतं. आणि त्याबद्दल देवानं त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. मरायचा होता, तो सरळ मेला.

हिरीबाई उठली. दारामागची शेणाची पाटी घेतली, झटकली, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि सरळ उघड्या खड्ड्यांकडं गेली.

खड्ड्यांतून निघालेल्या रेतीचा ढीग बाजूला पडला होता. गोमाईची रेती, तीच. तिनं वाकून हातांनी पाटी भरली. कुणी बघितलं, कुणी नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती केबिनला वळसा घालून मागं आली, पायानं मिरची दोन्हीकडं सारली आणि रेती तिथं ओतली.

"अय डोकरी!" शेठ ओरडला. "मिरचीमा रेती! येडी व्हयनी का तू? दोन ट्रॅक्टर माल शे!"

हिरीबाई परत ढिगाकडं चालू लागली. दुसरी पाटी. भिंतीपासून चार पावलं. ओतली. तिसरी पाटी. तिथून सरळ सहा पावलं. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "शेठनी मजुरी कमी दिधी व्हई." कुणी म्हणालं, "उन्हनं डोकं फिरनं." चौथ्या पाटीला बाया मिरची उचलून बाजूला घ्यायला लागल्या, शेठचा माल वाचवायला. त्यामुळं जागा अजूनच मोकळी झाली. पाचव्या पाटीला हिरीबाईचा श्वास भात्यासारखा वाजत होता. तिनं कमरेवर हात ठेवला, थांबली, आणि सहाव्या पाटीला निघाली.

जोसेफ हसत नव्हता. तो गिरमिटाला टेकून तिची पावलं मोजत होता.

तो तिच्या वाटेत आला. "याहा," त्यानं घरच्या भाषेत हाक मारली. आई. "काय शे तठे?"

हिरीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मान हलवणं हेही बोलणंच झालं असतं. तिनं मानही हलवली नाही. त्याला वळसा घालून ती गेली आणि सहावी पाटी ओतली. आता रेतीचे सहा लहान ढीग चौकोनात पडले होते. पलंगासारखा लांबट चौकोन. ती त्याच्या मधोमध जाऊन बसली आणि तळहात तोंडावर आडवा ठेवला.

जोसेफ पळतच संध्याकडं गेला. "मॅडम, आवरू नका अजून. केबिनच्या मागं भोक घ्यायचंय."

"नकाशात तिथं काही नाही, जोसेफ."

"मॅडम, मी येशूला मानतो. पण माझी आजी जुन्या देवाची होती. त्या बाईनं कुणाला तरी शब्द दिलाय. तिच्या तोंडावर दाणे आहेत. ती मेली तरी बोलणार नाही. पण ती खड्ड्यात रेती भरतेय, मॅडम. बघा तरी. टाकीशिवाय कुणी रेती भरतं का?"

संध्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि केबिनच्या मागं आली.

दिनेशशेठ आडवा झाला. "ही माझी जागा आहे. कंपनीच्या टाक्या तिकडं. इथं खोदायला तुमच्याकडं कागद नाही."

"खोदत नाही, शेठ. मनगटाएवढं भोक घेते. चांगला कागद हवाय ना तुम्हाला? पूर्ण जागेचा देते." तिचा आवाज अजिबात चढला नाही. हिरीबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. चहा पिऊनही हिची पट्टी वाकडी पडली नव्हती, असं पहिल्यांदाच तिला वाटलं. अजून खात्री नव्हती.

हिरीबाई उठली, बाजूला झाली. जोसेफनं गिरमिट टेकवलं आणि फिरवलं.

पहिल्या हातभर काळी माती. दांड्याला लोण्यासारखी चिकटलेली. शेठ म्हणाला, "झालं समाधान?" दुसऱ्या हाताला पुन्हा काळी. लोक पांगायला लागले. निर्मला ओठ चावत उभी होती.

तिसऱ्यांदा गिरमिट वर आलं, तेव्हा त्याच्या पात्यातून काळी माती गळली नाही. ओली, राखट रेती घळघळत बाहेर पडली.

या शिवारात दहा पुरुष खोल खणलं तरी काळीच माती लागते. रेती लागायची तर कुणीतरी डोक्यावरून आणून घालावी लागते. हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हसणं बंद झालं. आणि मग वास आला. मिरचीच्या खाटातूनही आला. निर्मला पटकन म्हणाली, "हाऊ तर आम्हनी भाकरना वास शे!"

संध्यानं यंत्र त्या रेतीवर धरलं. सकाळपासून गप्प असलेलं यंत्र किंचाळायला लागलं.

"थांब, जोसेफ! खाली पत्रा लागेल. ठिणगी नको. पाणी आणा." मग ती सगळ्यांना म्हणाली, "बिड्या विझवा. मागं व्हा. सगळे मागं व्हा."

"आमच्या वेळचं काही नाही ते," दिनेशशेठ म्हणत होता. "मला काय माहीत? वडिलांच्या वेळचं असेल. नकाशात तरी कुठं आहे?"

"नकाशात नसलं तरी जमिनीत आहे," संध्या म्हणाली.

ती बरणी भरत होती तेव्हा हिरीबाई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. बरणीकडं बोट केलं, मग स्वतःकडं. संध्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं दुसरी बरणी काढली, तीच रेती भरली, तशीच चिठ्ठी डकवली आणि हिरीबाईच्या हातात दिली. हिरीबाईनं ती पदराखाली धरली. पेटीची किल्ली कुणाकडंही असो, एक बरणी घरात असावी.

फोन झाले. तहसीलचा माणूस येऊन बघून गेला, पंचनामा झाला, केबिनमागं लाल फीत बांधली गेली. दिनेशशेठनं मिरची उचलून नाल्यावर नेली. त्या चार दिवसांत तो हिरीबाईच्या दारात दोनदा आला. पहिल्यांदा हात जोडून, दुसऱ्यांदा बोट नाचवत.

"शपथ मोडी तू, डोकरी. देवी देखी लेयी तुले."

हिरीबाईनं निर्मलाकडं पाहिलं. निर्मलाच पुढं झाली. शपथेचं तिला जोसेफकडून कळलं होतं, आणि बाकीचं तिनं शेठच्याच 'वडिलांच्या वेळचं'वरून जुळवलं होतं. "मन्ही फुई काय बोलनी, शेठ? सांगा ना. कोन आयकं? तिन्ही तर फक्त रेती टाकी. तुम्हना बापनी रेती टाकाले कवय मनाई करी व्हती? त्यानीच तर टाकाले लावी!"

शेठ तणतणत निघून गेला.

संध्यानं विहिरीचंही पाणी नेलं होतं. त्याचा कागद आधी आला. ग्रामपंचायतीच्या माणसानं येऊन विहिरीच्या काठावर लाल रंगानं मोठी फुली मारली, खाली लिहिलं. निर्मलानं रिनाकडून वाचून घेतलं. पाणी पिऊ नये, वापरू नये. बोअर होईल, पण कधी, ते कागदात नव्हतं. तोवर टँकर, आणि टँकर येईपर्यंत हातपंप. म्हणजे आता सगळंच पाणी अर्ध्या कोसावरून.

"जिकना आपन?" निर्मलानं रिकाम्या घागरी उचलताना विचारलं. हिरीबाईनं त्या लाल फुलीवरून हात फिरवला. रंग अजून ओला होता.

पाचव्या दिवशी क्रेन परत आली. तिसरी टाकी वर यायला वेळ लागला. डांबर कधीच गळून गेलेलं, पत्रा गव्हाच्या भुशासारखा सुटत होता. साखळ्या घालताना एक कड तुटून पडली. शेवटी ती हलली, जमिनीनं तिला सोडलं, आणि उन्हात वर चढली. तिच्या पोटाला मुठीएवढं भोक होतं. त्यातून काळं पाणी धारेनं खाली पडत होतं. भोकाचं तोंड हिरीबाईच्या विहिरीकडं होतं.

साऱ्या गावाचे डोळे टाकीवर होते. हिरीबाईची नजर टाकीच्या खाली होती. टाकीचा तळ आणि जमीन यांच्यामधून पलीकडचं आभाळ दिसतंय का, ते ती बघत होती. एक वीत. एक हात. पुरुषभर. पलीकडं सातपुडा दिसायला लागला.

तिनं देवाच्या पाटीतून मुठीत धरून आणलेले दाणे खड्ड्याच्या कडेला मातीवर सोडले. मग ती संध्याजवळ गेली आणि तिच्या हातातल्या वहीवर बोट टेकवलं.

"लिख, बाई."

संध्या दचकली. हा आवाज तिनं फारसा ऐकलाच नव्हता.

"तीन खड्डा व्हतात," हिरीबाई म्हणाली. आवाज घोगरा होता, पण मोठा होता. "आमशा, धनुबाई, नारसिंग, मन्हा चैत्या, आणि मी. पाच जन. मगनशेठनी ताडपत्री बांधी व्हती. पिंप यायेत, निळं रॉकेल राहे त्यामा…"

दिनेशशेठ गर्दीतून पुढं आला. "हिरीमाय! बस व्हयनं. बस कर आते."

"बस?" हिरीबाईनं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. क्रेनला लोंबणाऱ्या टाकीकडं बोट करून ती म्हणाली, "ती देख, कोठे शे ती. तीस वरीस गप ऱ्हायनू, शेठ. आते तर कोठे सुरू करं मी."

मागून निर्मलानं हाक मारली. ऊन चढत होतं आणि हातपंपावर रांग लागायची वेळ झाली होती. हिरीबाईनं हात वर करून तिला थांबवलं आणि वहीकडं वळली.

"लिखनं का? मंग पुढे लिख. टाकी लयनारा ट्रकवाला…"